टेक्सासमध्ये रोज अंगावर बाळगायला पहिलं पिस्तूल: कोणतं घ्यावं, कसं लावावं?

पेठकर:

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. ग्रीन कार्ड आहे, वय एकविसाच्या बरंच पुढे, पोलिस रेकॉर्ड स्वच्छ. बायको अजून एच-१बीवर आहे. घरात सहा वर्षांचा मुलगा. कपड्यांच्या आत, कोणाला न दिसता रोज बाळगता येईल असं पहिलंच पिस्तूल घ्यायचंय. ग्लॉक १९, ग्लॉक ४३एक्स आणि सिग पी३६५ ही तीन नावं काढली आहेत. दुकानदार मात्र स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्व्हर घ्या म्हणतोय: लहान, हलकं, त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

हात लहान आहे, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ सेंमी. ऑफिसला शर्ट खोचून जावं लागतं आणि इमारतीत शस्त्र न्यायला कंपनीची मनाई आहे. शनिवार-रविवारी टी-शर्ट, सणावाराला कुर्ता.

यातलं कोणतं घ्यावं? कमरेला कुठे लावावं? चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची जागा, जिथून गोळी सुटते) गोळी ठेवून फिरावं का? देवळात आणि मंडळाच्या कार्यक्रमात चालतं का?

बोरीबंदर:

पिस्तूल नंतर. आधी घरातल्या व्हिसाचं बघा, कारण आपल्या लोकांचं इथेच चुकतं.

ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते, बाळगता येते. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना ग्रीन कार्डावरचा ए-नंबर लागतो आणि सध्याचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या. त्याच फॉर्मवर गांजाचा प्रश्न आहे. शेजारच्या एखाद्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात तो चालत नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला मात्र केंद्राच्या कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायला बंदी आहे. वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, पण त्या वाटेने जायचं तर इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही कळणाऱ्या वकिलाला विचारून जा. 'जवळ ठेवणं' यात खिशात असणं एवढंच येत नाही, ताब्यात असणंही येतं. म्हणून तिजोरीचा कोड वहिनींकडे नको, पिस्तूल त्यांच्या गाडीत नको, आणि "रेंजवर दोन गोळ्या झाडून बघ" हेही नको. भाड्याचं पिस्तूल हातात घेतलं तरी ते ताब्यात घेणंच झालं. व्हिसाचं सगळं भवितव्य यावर अडकू शकतं.

दुसरं, लायसन्स. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरी एलटीसी (लायसन्स टू कॅरी, पिस्तूल बाळगण्याचं राज्याचं लायसन्स) काढाच. शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेण्यावर केंद्राची बंदी आहे आणि राज्याचं लायसन्स असलेल्याला त्या राज्यापुरती सूट आहे. केटीमध्ये शाळा टाळून गाडी चालवून दाखवा! अर्जाची फी ४० डॉलर, वर्ग चार ते सहा तासांचा, आणि नेमबाजीची परीक्षा ५० गोळ्यांची: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. परीक्षा अवघड नाही, आणि ती पास झालात म्हणजे नेमबाजी आली असं समजू नका.

आता मंडळ. आपले गणेशोत्सव, दिवाळीचे कार्यक्रम बहुतेक वेळा शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन होतात. तारीख शनिवारची असो की रविवारची, शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं गुन्हा आहे, एलटीसी असली तरी. आमंत्रणावर पत्ता वाचा. शाळा असेल तर पिस्तूल घरी.

देवळात एलटीसीवाल्याला चालतं, पण दारावर ३०.०६ची पाटी (लपवलेलं पिस्तूल आत आणू नका, असं त्या कलमाखाली सांगणारी) नसेल तरच. ती इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत असते, अक्षरं एक इंच उंच. पाटी नसली आणि स्वयंसेवकाने तोंडी "आत नको" म्हटलं तरी ती सूचनाच धरतात, वाद न घालता बाहेर पडायचं. बारच्या दारावर लाल ५१ टक्क्यांची पाटी असते (निम्म्याहून जास्त कमाई दारूतून, असा अर्थ), तिथे नाही. पोस्ट ऑफिस, कोर्ट, मतदान केंद्र, विमानतळाच्या सुरक्षा तपासणीच्या पुढचा भाग, इथेही नाही.

हातोडा:

कायद्याचं वर आलंय, मी पिस्तुलापुरतं लिहितो.

रिव्हॉल्व्हर पहिलं म्हणून घेऊ नका. ६४२ जेमतेम ४१० ग्रॅमचं आहे, त्यात .३८ स्पेशलच्या फक्त पाच गोळ्या बसतात आणि ट्रिगर ओढायला साधारण १२ पौंड जोर लागतो. हलक्या पिस्तुलाचा धक्का सगळा तळहातात येतो. नवशिक्या दुसऱ्या पेटीला कंटाळतो, सराव सुटतो आणि ते कपाटात जातं. खिशात ठेवायला, दुसरं शस्त्र म्हणून, सरावलेल्या हातात ते उत्तम आहे. दुकानात "लहान माणसाला लहान बंदूक" असं गणित सांगतात ते उलटं आहे. लहान बंदूक चालवायला जास्त अवघड असते.

उरलेली तिन्ही ९ मिमीची आणि भरवशाची. फरक मापात आहे, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कपड्यातून मूठ दिसते, नळी दिसत नाही. नळी पँटच्या आत जाते, मूठ पट्ट्याच्या वर राहते आणि वाकलात की शर्टाला टोचते. आता आकडे बघा. ग्लॉक १९ची उंची १२८ मिमी. ४३एक्सचीही १२८ मिमीच! म्हणजे "छोटं" म्हणून ४३एक्स घेतलंत तर लपवण्याच्या दृष्टीने मुठीत काहीच कमी झालं नाही, फक्त जाडी ३४ वरून २८ मिमीवर आली. पी३६५ची उंची १०९ मिमी, तिथे खरा फरक पडतो. पण मग करंगळीला जागा उरत नाही आणि धक्क्याला पकड सुटते. त्यासाठी १२ राउंडचं (गोळ्यांचं) लांब मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायचा गोळ्यांचा खोका, मिळतं, किंवा पी३६५ एक्सएल बघा, उंची साधारण १२२ मिमी. क्षमता: १९ मध्ये १५, ४३एक्स आणि साध्या पी३६५ मध्ये १०, एक्सएलमध्ये १२. ग्लॉक १९ गोळ्यांसकट साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जातं. ४३एक्स रिकाम्या मॅगझिनसह ५३० ग्रॅम, पी३६५ साधारण ५०० ग्रॅम.

बाजारात ४३एक्ससाठी १५ राउंडची धातूची मॅगझिन मिळतात. घेऊ नका. ती वापरायची तर मॅगझिन धरून ठेवणारा खटका धातूचा बसवावा लागतो, नाहीतर प्लास्टिकचा खटका घासून जातो. आणि धातूचा बसवला की कंपनीची मूळ मॅगझिन घासायला लागतात. १५ हवे असतील तर सरळ १९ घ्या.

१७ सेंमीच्या हाताला काय बसेल ते असं तपासा. दुकानदाराकडून मॅगझिन काढून, स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर रिकामं दाखवून घ्या. स्वतः डोळ्यांनी आणि करंगळीने पुन्हा बघा. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खाचा मुठीवर जितका वर जाईल तितका वर चढवा आणि नळी हाताच्या कोपरापासूनच्या रेषेत आणा. या स्थितीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर टेकला पाहिजे आणि बोट व पिस्तुलाची बाजू यांच्यामध्ये थोडी फट दिसली पाहिजे. ट्रिगरपर्यंत पोचायला हात मुठीभोवती फिरवावा लागत असेल तर ते मोठं आहे. दुकानात चालून जातं, रेंजवर गोळ्या एकाच बाजूला सरकायला लागतात आणि माणूस साइट (नेम धरायची खूण) बदलत बसतो. तुमच्या हाताला ग्लॉक १९ इथेच नापास व्हायची शक्यता आहे, पण हातात घेऊनच ठरवा.

स्लाइड ओढताना दोन बोटांच्या चिमटीत धरू नका. डावा पंजा वरून टाकून स्लाइडचा मागचा भाग मुठीत धरा, पिस्तूल छातीजवळ आणा, डावा हात तिथेच घट्ट ठेवून उजव्याने पिस्तूल पुढे ढकला. तरीही जड गेली तर स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड बघा, तिची स्लाइड हलकी ठेवलेली आहे.

मग रेंजवर तिन्ही भाड्याने घ्या. प्रत्येकाच्या ५० गोळ्या, अंतर ५ यार्ड, कागदावर सहा इंचांचं वर्तुळ. पहिल्या दहा गोळ्या एका कागदावर, शेवटच्या दहा दुसऱ्या कागदावर. शेवटचा कागद पहिल्यापेक्षा बराच विस्कटलेला असेल तर त्या पिस्तुलाचा धक्का तुमच्या हाताला झेपत नाही. पहिल्या पाच गोळ्यांवर आवडनिवड ठरवू नका.

माझा कौल: हाताला बसलं तर पी३६५ एक्सएल, नाहीतर ४३एक्स. रेड डॉट साइट (काचेतल्या लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन) आत्ता नको. पैसे गोळ्यांवर आणि शिकवणीवर घाला.

सुईदोरा:

पिस्तुलावर पाचशे-सहाशे डॉलर घालून होल्स्टर (पिस्तूल कमरेला लावायचं म्यान) वीस डॉलरचं कापडी घेणारे खूप दिसतात. अपघात तिथे होतात.

होल्स्टर कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं), त्याच मॉडेलसाठी बनवलेलं हवं. ट्रिगरचा भाग पूर्ण झाकलेला हवा, आणि बाहेरून दाबलं तरी ट्रिगर हलता कामा नये. मऊ कापडी किंवा चामड्याचं होल्स्टर घामाने सैल पडतं, तोंडाशी दुमडतं, आणि पिस्तूल आत घालताना ती घडी बोटासारखी ट्रिगरवर येते. होल्स्टर विकत घेतल्यावर रिकामं पिस्तूल त्यात घालून उलटं धरून हलवा. पडलं नाही पाहिजे. पडलं तर पकडीचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळा.

जागा दोन. बेंबीच्या जरा उजवीकडे, किंवा उजव्या कमरेवर घड्याळातल्या साडेतीनच्या जागी. सडपातळ माणसाला पुढची जागा सोयीची: लपतं छान, हात पटकन पोचतो, गर्दीत पिस्तूल नजरेसमोर राहतं. पोट सुटलेलं असेल किंवा दिवसभर गाडीत बसणं असेल तर कमरेची, होल्स्टर पुढे साधारण १५ अंश झुकवून. पुढच्या जागेसाठी होल्स्टरवर पंख घ्या. तो पट्ट्याला आतून टेकतो आणि मूठ पोटाकडे वळवतो. त्याच्या तळाशी मागच्या बाजूने फोमची पाचर लावली की मूठ आणखी आत जाते. पट्टा दीड इंची, आतून कडक. साध्या पट्ट्यावर पिस्तूल लोंबतं आणि लोक दिवसभर पँट वर ओढत बसतात. ती सवयच लोकांना दिसते, पिस्तूल दिसण्याच्या आधी.

शर्ट खोचायचा असेल तर 'टकेबल' क्लिपचं होल्स्टर मिळतं, शर्ट पिस्तूल आणि क्लिप यांच्या मधून खोचता येतो. बाहेरून क्लिपच तेवढी दिसते. काढायला मात्र वेळ लागतो: डाव्या हाताने शर्ट पूर्ण वर उपसायचा, मगच उजवा हात. टी-शर्ट एकरंगी पातळ नको, नक्षीचा किंवा गडद जाड बरा. आत बनियन घालाच, ह्यूस्टनच्या दमट हवेत कायडेक्स उघड्या कातडीला सोलतं.

कुर्त्याचं वेगळं. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता पुढून उचलायला दोन्ही हात लागतात आणि वेळ जातो. त्याला कमरेची जागा बरी, बाजूच्या चिरीतून हात जातो. लेंग्याच्या नाडीवर होल्स्टर कधीही लावू नका, कुर्त्याखाली पट्ट्याची पँट घाला. आणि नाडी, दोरी, जॅकेटची ओढणी असं लोंबणारं काहीही होल्स्टरच्या तोंडाजवळ नको. ट्रिगरच्या कड्यात अडकलं की पिस्तूल आत ढकलताना गोळी सुटते.

देवळाबद्दल: पाटी नसली तरी मी नेऊ नये असंच सांगेन. पुढे लावून मांडी घातली की नळी मांडीवर येते, साष्टांग घालताना मूठ पोटात रुतते, आणि तिथे मुलं येऊन गळ्यात पडतात.

पेठकर:

खूप धन्यवाद. बायकोचा मुद्दा डोक्यातच नव्हता. दोन गोष्टी अजून: ऑफिसच्या दिवशी पिस्तूल गाडीत ठेवलं तर? आणि चेंबरचं कोणीच लिहिलं नाही. ४३एक्सला बाहेरून सेफ्टीचा खटका नाही म्हणून धाकधूक वाटते.

कातळ:

टेक्सासच्या कायद्याप्रमाणे कंपनी तुम्हाला तुमच्याच कुलूपबंद गाडीत, पार्किंगमध्ये कायदेशीर शस्त्र ठेवण्यापासून अडवू शकत नाही, काही मोजके अपवाद सोडले तर. इमारतीत मात्र अडवू शकते. सीटच्या लोखंडी पायाला केबलने बांधलेली लोखंडी पेटी घ्या. ग्लोव्हबॉक्स म्हणजे पेटी नव्हे. घरून निघताना होल्स्टर पिस्तुलासकट पेटीत घाला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतरवाउतरव करू नका. तिथे कोणीतरी बघतं आणि दुपारी काच फुटते. मागच्या काचेवर बंदुकीच्या कंपनीचे स्टिकर लावणंही टाळा, चोराला पत्ता मिळतो.

सुईदोरा:

कातळ यांच्याशी मी असहमत. पाच दिवस रोज नऊ तास पिस्तूल गाडीत, आणि अंगावर फक्त जाता-येता. त्यासाठी दिवसातून चार वेळा हाताळणी. गाडीतून चोरीला जायचा धोका त्यातून मिळणाऱ्या फायद्याहून मोठा आहे. ऑफिसच्या दिवशी घरच्या तिजोरीत, कोड फक्त पेठकरांकडे. तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की, बटणांचं यांत्रिक कुलूप असलेली. बॅटरीवर चालणाऱ्या बोटांच्या ठशांच्या स्वस्त पेट्या ऐन वेळी दगा देतात. मूल घरात आहे म्हणून हेही: भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे. उशीखाली, कपाटावर, पर्समध्ये यातलं काहीही चालत नाही.

हातोडा:

चेंबरचं. या तिन्ही पिस्तुलांत आत अशी अडसर असते की ट्रिगर मागे ओढल्याशिवाय फायरिंग पिन (गोळीला मागून ठोकणारी) पुढे जाऊ शकत नाही. हातातून पडलं म्हणून गोळी सुटत नाही. ट्रिगर दाबला गेला तर सुटते. त्यामुळे सेफ्टी म्हणजे होल्स्टर आणि तुमचं बोट. धाकधूक असेल तर चेंबर रिकामं, स्लाइड ओढून पिन ताणलेली, अशा स्थितीत आठवडाभर घरात लावून फिरा: उठा, बसा, बूट बांधा, गाडीत बसा. ग्लॉकचा ट्रिगर ताणलेल्या स्थितीत पुढे असतो, दाबला गेला की मागेच राहतो. रोज रात्री ट्रिगर बघा. पुढेच दिसला तर होल्स्टर काम करतंय हे तुम्हाला स्वतःला पटेल, मग चेंबर भरा. रिकाम्या चेंबरने कायम फिरायचं म्हणजे स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा असणार हे धरून चालणं. त्या हातात मुलाचा हात असतो. पी३६५ बाहेरच्या खटक्यासकटही मिळतं. ते घेतलंत तर प्रत्येक सरावात खटका खाली करायचाच.

पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना घाई कशाची? काढताना सेकंद मोजतात, घालताना नाही. बोट सरळ, पिस्तुलाच्या बाजूला. डाव्या हाताने कपडा पूर्ण वर. पुढे लावत असाल तर कंबर पुढे काढा म्हणजे नळी अंगापासून लांब जाते. होल्स्टरच्या तोंडात डोळ्यांनी बघा, मग सावकाश आत. काही अडल्यासारखं वाटलं की थांबा, जोर लावू नका. शक्य असेल तेव्हा पिस्तूल होल्स्टरमध्ये आधीच घालून दोन्ही मिळून कमरेला लावा.

गोळ्या: सरावाला ११५ किंवा १२४ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साध्या टोकाच्या. बाळगायला १२४ ग्रेनच्या पोकळ टोकाच्या, फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट. साध्या टोकाची गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. एफबीआयच्या कसोटीत जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरणारी गोळी योग्य धरतात, या दोन्ही त्यात बसतात. नवीन पिस्तूल आधी साफ करून तेल द्या, मग २०० साध्या आणि बाळगायच्या किमान ५० गोळ्या, दोन्ही मॅगझिनमधून, विनाअडथळा गेल्या तरच अंगावर घ्या. मॅगझिनच्या तळाला १ आणि २ असं लिहून ठेवा. अडथळा एकाच नंबरला येत असेल तर दोष मॅगझिनचा.

रिकामं काडतूस स्लाइडमध्ये उभं अडकत असेल तर बहुतेक वेळा मनगट ढिलं पडतंय. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नसेल तर अंगठा स्लाइडच्या खटक्यावर टेकलाय. दुरुस्तीला नेण्याआधी हे दोन तपासा. लहान हातात लहान पिस्तूल असलं की दोन्ही गोष्टी जास्त होतात.

आणखी एक, जे दुकानात कोणी सांगत नाही. तीच गोळी रोज काढून पुन्हा चेंबरमध्ये घालत राहिलात तर प्रत्येक वेळी तिचं टोक चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर आपटतं आणि गोळी काडतुसात जराजरा आत सरकते. मग आतला दाब धोकादायक वाढू शकतो. पेटीतली कोरी गोळी शेजारी उभी करून उंची ताडा. जरा जरी बुटकी दिसली तर ती झाडायची नाही, रेंजवर खराब गोळ्यांच्या डब्यात टाकायची. यावर उपाय एकच, रोज चेंबर रिकामं करू नका. पिस्तूल होल्स्टरमध्येच तिजोरीत ठेवा.

घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव रोज दहा मिनिटं पुरतो. त्या खोलीत एकही खरी गोळी नको. समोर पुस्तकांनी भरलेलं कपाट किंवा विटांची भिंत असावी, मुलाच्या खोलीची भिंत नको. सराव संपला की मोठ्याने "संपला" म्हणा आणि लगेच पिस्तूल बाजूला ठेवा. "अजून एकदा" म्हणून उचलतात, तेव्हाच भरलेल्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबला जातो.

घामाने स्लाइडपेक्षा साइटचे स्क्रू आणि मॅगझिन आधी गंजतात. आठवड्यातून एकदा तेलाच्या फडक्याने पुसा. नळीत आणि खाचांत कपड्याचे तंतू साठतात, ते ब्रशने काढा.

बोरीबंदर:

एक राहिलं. भारतात जाताना वापरता ती बॅग रेंजवर नेऊ नका, कधीच. कप्प्याच्या शिवणीत एक गोळी राहते आणि मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसते. तिथे शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. "अमेरिकेत कायदेशीर आहे" हे तिथे उत्तर होत नाही, सुट्टी पोलिस ठाण्यात आणि कोर्टात जाते. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि गॅरेजमध्येच ठेवा. जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा.

अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने न्यायचं तर रिकामं, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इनच्या सामानात, काउंटरवर सांगून. पण उतरता त्या राज्याचा कायदा आधी वाचा. एडिसनला नातेवाइकांकडे जाताय म्हणून टेक्सासची एलटीसी न्यू जर्सीत चालत नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियातही नाही.